वाचणारी राणी



इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाला सहा राण्या होत्या, हे इतिहासाशी फारसे देणेघेणे नसलेल्या माणसालाही ठाऊक असते. तिकडच्या शाळकरी मुलांना या सहा जणींचा शेवट क्रमाने लक्षात राहावा म्हणून एक छोटेसे यमक शिकवतात. दोघींचे विवाह रद्द ठरले, दोघींची मुंडकी उडवली, एक बाळंतपणानंतर गेली. राहिली सहावी. तिच्या वाट्याला त्या यमकात एकच शब्द येतो: वाचली.

मराठीत या शब्दाची मोठी गंमत आहे. जीव वाचतो तेही वाचणे आणि पुस्तक वाचतो तेही वाचणे. सहावी राणी कॅथरिन पार हिला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. इतकेच नव्हे, तर एका वाचण्यापायी तिचे दुसरे वाचणे जवळजवळ हुकणार होते. तिच्याविषयी आज सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ॲन बोलिनवर सिनेमे निघाले, कादंबऱ्या निघाल्या, आणि ही बाई मात्र म्हाताऱ्या राजाचे पाय चेपणारी शेवटची परिचारिका म्हणून एका वाक्यात उरकली जाते. हा तिच्यावर अन्याय आहे.

कॅथरिनचा जन्म १५१२ सालचा. वडील सर टॉमस पार दरबारातले, आई मॉड ही हेन्रीच्या पहिल्या राणीच्या, म्हणजे ॲरागॉनच्या कॅथरिनच्या पदरी मानकरी. मुलीला राणीचेच नाव मिळाले असावे असे म्हणतात. मुलगी पाच वर्षांची असताना वडील वारले. आई ऐन पंचविशीत होती, पण तिने दुसरे लग्न केले नाही. दोन मुली आणि एक मुलगा यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले, इस्टेट सांभाळली. एकट्या बाईने घर कसे चालवावे याचा पहिला धडा कॅथरिनला घरातच मिळाला. तो पुढे तिला फार उपयोगी पडला.

१५२९ मध्ये तिचे पहिले लग्न झाले, एडवर्ड बर्ग नावाच्या तरुणाशी. चार वर्षांत ती विधवा झाली. १५३४ मध्ये दुसरे लग्न, लॉर्ड लॅटिमर यांच्याशी. वयाने बरेच मोठे, आधीची दोन मुले असलेले बिजवर. यॉर्कशायरमधल्या स्नेप नावाच्या गढीत ती राहायला गेली. तिथे १५३६ साली उत्तरेकडच्या लोकांनी राजाच्या धर्मधोरणाविरुद्ध मोठा उठाव केला. मठ बंद पडत होते, जुने सण आणि जुन्या पूजा जात होत्या, लोक भडकले होते. बंडखोरांनी लॉर्ड लॅटिमर यांना जबरदस्तीने आपल्याबरोबर नेले. पुढे १५३७ च्या जानेवारीत, नवरा लंडनच्या वाटेवर असताना, जमावाने स्नेपच्या गढीत शिरून कॅथरिनला आणि सावत्र मुलांना ओलीस धरले. नवरा परतला नाही तर सगळ्यांना मारू अशी धमकी दिली. पंचवीस वर्षांची ही बाई, दोन परकी मुले पदराशी, आणि दाराशी हत्यारबंद माणसे. नवरा परतला, त्याने त्या माणसांना कसेबसे समजावले आणि सगळे सुटले. पण राजाच्या मनात लॅटिमरविषयी संशय राहिला तो राहिलाच.

१५४३ च्या मार्चमध्ये लॅटिमरही वारले. कॅथरिन एकतीस वर्षांच्या आतबाहेर. दोनदा विधवा, मूलबाळ नाही, पण हाती पैसा होता आणि पहिल्यांदाच स्वतःच्या मर्जीने काही करण्याची मोकळीक. तिचे मन टॉमस सीमोर याच्यावर बसले होते. हा हेन्रीच्या तिसऱ्या राणीचा, जेन सीमोरचा, भाऊ. देखणा, बोलघेवडा, महत्त्वाकांक्षी. लग्न जमल्यात जमा होते. पण त्याच वेळी राजाची नजर तिच्यावर पडली. टॉमस सीमोरला वकिलातीच्या कामावर ब्रुसेल्सला पाठवण्यात आले. राजाने मागणी घातली.

नाही म्हणायचे कसे? आधीची राणी, कोवळ्या वयाची कॅथरिन हॉवर्ड, १५४२ च्या फेब्रुवारीत टॉवरमध्ये शिरच्छेदाला सामोरी गेली होती. त्याला दीड वर्षही झाले नव्हते. राजा बावन्न वर्षांचा, अवाढव्य शरीराचा, पायाच्या वाहत्या जखमांनी बेजार. पुढे सीमोरला लिहिलेल्या एका पत्रात कॅथरिनने मोकळेपणाने सांगितले आहे की त्या वेळी आपले मन त्याच्याशीच लग्न करण्याचे होते, पण ईश्वराने आपल्या इच्छेला जोराचा विरोध केला आणि जे अशक्य वाटत होते ते आपल्याकडून करवून घेतले. धार्मिक बाई होती, तिने राजाच्या मागणीत ईश्वराची आज्ञा पाहिली. १२ जुलै १५४३ रोजी हॅम्पटन कोर्टच्या राजवाड्यात वीसेक माणसांच्या साक्षीने लग्न लागले. लग्न लावले विंचेस्टरचा बिशप स्टीफन गार्डिनर याने. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राणी झाल्यावर तिच्या पदरात तीन सावत्र मुले आली. तिघे तीन आयांची. थोरली मेरी सत्तावीस वर्षांची, म्हणजे आईपेक्षा जेमतेम चारपाच वर्षांनी लहान. एलिझाबेथ नऊ वर्षांची. एडवर्ड पाच वर्षांचा, जन्मानंतर बाराव्या दिवशी आई गमावलेला. मेरी आणि एलिझाबेथ या दोघींना बापाने कायद्याने अनौरस ठरवले होते. ही मुले वेगवेगळ्या वाड्यांत, वेगवेगळ्या नोकरचाकरांत वाढत होती. यांचे एक घर करायचे, हे काम नव्या राणीने मनावर घेतले. लॅटिमरची मुले तिने सांभाळली होतीच. सावत्र आई या शब्दाभोवती आपल्याकडे काय, तिकडे काय, सगळ्या गोष्टी वाईटच. पण या बाईला तिन्ही मुलांनी जीव लावला. छोटा एडवर्ड तिला लॅटिनमधून पत्रे लिहायचा. १५४४ च्या वारसा कायद्याने मेरी आणि एलिझाबेथ यांना गादीच्या वारसांत पुन्हा जागा मिळाली. त्यात राणीचा शब्द किती होता हे मोजून सांगता येणार नाही, पण ती राणी झाल्यावर वर्षाच्या आत हे घडले एवढे खरे.

एलिझाबेथची एक भेटवस्तू आजही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. १५४५ च्या नव्या वर्षाची भेट म्हणून अकरा वर्षांच्या या मुलीने फ्रान्समधल्या नावारच्या राणीचे एक धार्मिक काव्य इंग्रजीत भाषांतरित केले, स्वतःच्या हाताने लिहून काढले आणि सावत्र आईला दिले. बांधणीवर भरतकाम आहे आणि मधोमध आईच्या नावाची आद्याक्षरे. वर्षभराने याच मुलीने आईने लिहिलेले प्रार्थनांचे पुस्तक लॅटिन, फ्रेंच आणि इटालियन अशा तीन भाषांत नेऊन वडिलांना भेट दिले. भेट द्यायची म्हणून दागिने किंवा रेशीम न देता भाषांतर द्यावे, ही कल्पना मुलीला कुठून सुचली असेल? ज्या घरात पुस्तकाला मान असतो तिथल्या मुलांनाच ती सुचते. शाळेत इतकी वर्षे काढल्यावर एवढे मी खात्रीने सांगू शकते.

आता राणीच्या पुस्तकांकडे येते. १५४४ मध्ये तिने जॉन फिशर या विद्वान बिशपच्या लॅटिन प्रार्थनांचे इंग्रजी भाषांतर नाव न घालता छापवले. १५४५ मध्ये तिचे दुसरे पुस्तक आले, आणि त्यावर तिचे नाव होते. इंग्लंडच्या राणीने स्वतःच्या नावाने छापलेले हे पहिले पुस्तक. त्याचा बराचसा भाग टॉमस अ केम्पिस याच्या प्रसिद्ध भक्तिग्रंथावर आधारलेला आहे, पण निवड तिची, मांडणी तिची, आणि भाषा साधी, घरात बसून म्हणता येईल अशी. एरॅस्मस या डच पंडिताने बायबलच्या नव्या करारावर लिहिलेल्या निरूपणाचे इंग्रजी भाषांतरही तिने पुरस्कार करून करवून घेतले. त्यातल्या एका भागाचे काम तिने मेरीला दिले. जुन्या धर्मपंथाला घट्ट धरून असलेली मेरी आणि नव्या विचारांकडे झुकलेली तिची सावत्र आई, दोघी एकाच ग्रंथावर काम करत होत्या. ते पुस्तक १५४८ मध्ये छापून झाले आणि प्रत्येक गावच्या चर्चमध्ये त्याची प्रत ठेवावी असा हुकूम निघाला.

या साऱ्यात धोका काय होता हे समजायला एक कायदा माहीत असावा लागतो. १५४३ च्या मे महिन्यात, म्हणजे कॅथरिनच्या लग्नाच्या दोनच महिने आधी, पार्लमेंटने एक कायदा केला. इंग्रजी बायबल कोणी वाचावे आणि कोणी वाचू नये, याचा. सामान्य घरातल्या बायका, कारागीर, शिकाऊ उमेदवार, शेतकरी, मजूर यांनी ते वाचायचे नाही. खानदानी बायकांनी वाचले तर चालेल, पण एकटीने, स्वतःपुरते. दुसऱ्याला वाचून दाखवायचे नाही. कायदा वाचला की हसूही येते आणि अंगावर काटाही येतो. ज्ञानाची भीती वाटणाऱ्यांना नेमके कळते की खरी जोखीम एकट्याच्या वाचण्यात नसते, चारचौघींनी एकत्र बसून वाचण्यात असते.

आणि राणीच्या दालनात नेमके तेच चालले होते. दुपारच्या वेळी तिच्या सख्या आणि दरबारी बायका जमत, धर्मग्रंथ वाचत, प्रवचन ऐकत, चर्चा करत.

त्याआधी १५४४ च्या उन्हाळ्याविषयी सांगायला हवे. हेन्री फ्रान्सवर स्वारीला निघाला आणि जाताना राज्याचा कारभार राणीच्या हाती सोपवून गेला. मदतीला आर्चबिशप क्रॅन्मर आणि आणखी काही मंडळी. जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिने राज्य चालवले. फौजेला पैसा आणि रसद पाठवणे, स्कॉटलंडच्या सीमेवर लक्ष ठेवणे, लंडनमध्ये प्लेग पसरल्यावर दरबाराला त्यापासून दूर ठेवणे, ही सगळी कामे तिने निगुतीने केली. बूलोन शहर हेन्रीने जिंकले आणि तो परतला, तेव्हा राज्य जागच्या जागी होते. तिची त्या काळातली सही पाहण्यासारखी आहे. राणी म्हणून सही करतानाही ती शेवटी माहेरच्या आडनावासकट स्वतःची आद्याक्षरे घालत असे. तीन लग्ने झाली, तीन घरे बदलली, पण 'पार' काही तिने सोडले नाही.

आणखी एक गोष्ट. १५४६ च्या सुमारास मठांपाठोपाठ विद्यापीठांतल्या महाविद्यालयांची मालमत्ताही सरकारजमा होईल अशी भीती उभी राहिली. केंब्रिजच्या मंडळींनी राणीला पत्र लिहून गाऱ्हाणे घातले. तिने राजाकडे रदबदली केली. महाविद्यालये वाचली, आणि त्याच वर्षी हेन्रीने ट्रिनिटी कॉलेजची स्थापना केली. पुढे तिथे न्यूटन शिकला, आपले रामानुजन तिथे गेले, पंडित नेहरू तिथे शिकले. एका बाईच्या रदबदलीचा धागा किती दूरवर जातो पाहा.

आता मूळ प्रसंग. १५४६ चा उन्हाळा. राजाची प्रकृती ढासळत चाललेली, आणि त्याच्या पश्चात सत्ता कोणाकडे जाणार याची दोन गटांत ओढाताण. जुन्या मताचे पुढारी म्हणजे बिशप गार्डिनर आणि लॉर्ड चॅन्सेलर रायथस्ली. राणीला पाडले तर तिच्याभोवतीच्या बायका पडतील, आणि बायकांबरोबर त्यांचे नवरे पडतील, असा त्यांचा हिशेब.

त्या वेळी ॲन ॲस्क्यू नावाची पंचवीस वर्षांची एक बाई पाखंडाच्या आरोपाखाली तुरुंगात होती. लिंकनशायरच्या चांगल्या घराण्यातली. बायबल वाचायची, त्यावर बोलायची, धर्माधिकाऱ्यांशी वाद घालायची. नवऱ्याने घराबाहेर काढलेली. तिला दोषी ठरवून झाल्यावरही टॉवरमध्ये नेऊन विचारण्यात आले, दरबारातल्या कोणकोणत्या बायका तुझ्या मताच्या आहेत? राणीच्या जवळच्या एकेका बाईचे नाव घेऊन विचारले. ती बोलेना. तेव्हा हातपाय ताणून सांधे निखळवणाऱ्या यंत्रावर तिला चढवले. टॉवरच्या अधिकाऱ्याने पुढे यंत्र फिरवायला नकार दिला, तेव्हा खुद्द लॉर्ड चॅन्सेलर आणि त्याच्या जोडीदाराने आपल्या हाताने ते फिरवले. तिने एकही नाव सांगितले नाही. १६ जुलै १५४६ रोजी स्मिथफील्डच्या मैदानात तिला जिवंत जाळले. पायावर उभे राहता येत नव्हते म्हणून खुर्चीतून उचलून नेले.

या बाईचे नाव इथे घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही. राणी वाचली त्याची अर्धी किंमत ॲन ॲस्क्यूने भरली.

राणीवरच्या संकटाची हकीकत जॉन फॉक्स या लेखकाने आपल्या हुतात्म्यांच्या चरित्रग्रंथाच्या १५७० च्या आवृत्तीत दिली आहे. म्हणजे घटनेनंतर चोवीस वर्षांनी, आणि फॉक्स स्वतः नव्या पंथाचा. तेव्हा त्यातला संवाद शब्दशः घ्यायचे कारण नाही. गाभा मात्र त्या उन्हाळ्याच्या धरपकडीशी जुळतो. हकीकत अशी.

राणी रोज संध्याकाळी राजाजवळ बसे आणि धर्मविषयावर त्याच्याशी चर्चा करी. आधी त्याला ते आवडे. पण दुखण्याने चिडचिडा झालेला राजा एके दिवशी तिच्या बोलण्यावर वैतागला. ती गेल्यावर तो कुत्सितपणे म्हणाला, बायका पंडित झाल्या, आणि म्हातारपणी बायकोकडून शिकण्याचे सुख आमच्या नशिबी आले. गार्डिनर जवळच होता. लग्न लावणारा तोच हा बिशप. त्याने संधी साधली. राणीच्या मतांत राजद्रोह कसा आहे हे राजाच्या कानात भरले, आणि राजाने तिच्यावरच्या आरोपपत्रावर सही केली. तिच्या सख्यांना धरायचे, पेट्या तपासायच्या, पुस्तके सापडली की रातोरात राणीला टॉवरमध्ये न्यायचे, असा बेत ठरला.

पण ते सही केलेले कागद कुणाच्या तरी खिशातून पडले आणि राणीच्या माणसाच्या हाती लागले. कागद पाहून ती आजारीच पडली. तिच्या आक्रोशाचा आवाज राजापर्यंत गेला. त्याने आपला वैद्य पाठवला, मग स्वतः येऊन गेला. दुसऱ्या रात्री राणी उठली. बहिणीला सोबत घेतले, एका सखीच्या हाती मेणबत्ती दिली आणि ती राजाच्या दालनात गेली. राजाने मुद्दाम धर्माचाच विषय काढला. ती म्हणाली, मी अज्ञ बाई, बाईला पुरुषाच्या आज्ञेत राहायला ईश्वराने घडवले, मी माझे मत महाराजांच्या शहाणपणावरच सोडते. राजा म्हणाला, तसे नाही, तू तर आम्हाला शिकवायला निघालेली पंडित झालीस. त्यावर ती म्हणाली, महाराजांचा गैरसमज झाला. मी वाद घालत असे ते दोन कारणांसाठी. एक, बोलण्याच्या भरात महाराजांना पायाच्या वेदनेचा विसर पडावा. आणि दुसरे, महाराजांची उत्तरे ऐकून मला शिकायला मिळावे. राजा खूश झाला. म्हणाला, असे असेल तर आपण पुन्हा दोस्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे बागेत बसले असताना लॉर्ड चॅन्सेलर चाळीस शिपाई घेऊन राणीला पकडायला आला. त्याला बेत बदलल्याचा पत्ताच नव्हता. राजाने त्याला मूर्ख, हरामखोर, जनावर अशा शिव्या देऊन हाकलून लावले. आणि राणीने, जणू आपल्याला काहीच ठाऊक नाही अशा चेहऱ्याने, बिचाऱ्याचे काही चुकले असेल तर माफ करा, अशी रदबदली केली.

ही गोष्ट मी एकदा नववीच्या मुलींना ऑफ तासाला सांगितली होती. अभ्यासक्रमात नव्हती, पण मुलींना गोष्टी आवडत. सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, पण मग ती खोटेच बोलली ना? आणि जी खरे बोलली ती जळाली." वर्ग एकदम गप्प झाला. मी म्हटले, खोटे बोलली खरी, पण पुस्तक तिने जाळले नाही. तास संपला म्हणून विषय तिथे थांबला. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही.

आज विचार करते तेव्हा असे वाटते. राणीने त्या रात्री मान झुकवली. जे तिला खरे वाटत होते ते तिने नाकारले नाही, पण ते बोलण्याचा आपला हक्क मात्र नाकारला. ही किंमत लहान नव्हे. ज्यांनी नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर, वरिष्ठांसमोर 'मला काय कळते' हे वाक्य कधी ना कधी म्हटले आहे, त्यांना तिची जात कळेल. हे वाक्य कधी ढाल असते, कधी बेडी असते, आणि म्हणणाऱ्या बाईलाही कधीकधी सांगता येत नाही की आज ती काय आहे. कॅथरिनच्या बाबतीत ती ढाल होती असे मी मानते, त्याला पुरावा तिच्या तिसऱ्या पुस्तकाचा. आपल्या श्रद्धेचा प्रवास सांगणारे, तिन्ही पुस्तकांत सर्वांत स्वतंत्र आणि सर्वांत धीट असे ते लिखाण तिने राजाच्या हयातीत बाहेर काढले नाही. हेन्री २८ जानेवारी १५४७ रोजी वारला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते छापून आले. ती गप्प बसली होती, पण तिचे म्हणणे तिने टाकून दिले नव्हते.

इथेच गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते. पण इतिहास गोष्टीसारखा सोयीच्या जागी थांबत नाही.

राजाच्या मृत्युपत्रात तिला पैसाअडका, मानमरातब भरपूर मिळाला, पण नऊ वर्षांच्या एडवर्डच्या वतीने राज्य चालवायचा अधिकार मिळाला नाही. ज्या बाईने तीन महिने राज्य सांभाळून दाखवले होते तिला बाजूला ठेवून सोळा पुरुषांचे मंडळ नेमले होते. सत्ता गेली एडवर्ड सीमोरकडे. आणि त्याचा धाकटा भाऊ टॉमस पुन्हा कॅथरिनच्या दारात उभा राहिला. राजाला जाऊन काही महिने झाले नाहीत तोच दोघांनी गुपचूप लग्न केले. चार लग्नांपैकी हे एकच तिने आपल्या मनाने केलेले.

एलिझाबेथ तेव्हा तिच्याजवळच चेल्सीच्या घरी राहत होती. तेरा-चौदा वर्षांची मुलगी. आणि हा चाळिशीकडे आलेला देखणा सावत्र बाप सकाळी सकाळी तिच्या झोपायच्या खोलीत शिरू लागला, अंगचटीला येऊ लागला. आजच्या भाषेत याला काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. मुलीच्या दाईने पुढे १५४९ च्या चौकशीत सगळे सांगितले. दुःख याचे वाटते की सुरुवातीला कॅथरिनने ते हसण्यावारी नेले. काही वेळा ती स्वतःही त्या तथाकथित थट्टेत सामील झाली. एकदा बागेत सीमोरने मुलीचा झगा कापून चिंध्या केल्या, तेव्हा तिला धरून ठेवणारी कॅथरिनच होती. जिला राजाच्या भुवईची हालचाल कळत होती, तिला आपल्या नवऱ्याचे वागणे कळले नाही? की कळूनही कळून घ्यायचे नव्हते? मनासारखा संसार उशिरा मिळाला की माणूस डोळ्यांवर हात ठेवतो, हे मी आजूबाजूलाही पाहिले आहे. पण त्याने मुलीवरचा अन्याय कमी होत नाही. सहा पुस्तकांचे पुण्य गाठीशी असते तरी हा हिशेब वेगळाच राहिला असता.

अखेर १५४८ च्या उन्हाळ्यात तिने एलिझाबेथला दुसऱ्या एका विश्वासू घराण्याकडे पाठवले. जाताना तिला सांगितले, तुझ्याविषयी काही वाईट कानावर आले तर मी तुला सावध करीन. एलिझाबेथने नंतर पत्र लिहून त्या शब्दांबद्दल आभार मानले. उरलेली पत्रे वाचली तर माया आटली नव्हती असे दिसते. पण दोघींची पुन्हा भेट झाली नाही.

पस्तिशी उलटल्यावर कॅथरिनला पहिल्यांदा दिवस गेले होते. ग्लॉस्टरशायरमधल्या स्यूडली या गढीत ३० ऑगस्ट १५४८ रोजी तिला मुलगी झाली. नाव मेरी ठेवले, थोरल्या सावत्र मुलीचे. त्यानंतर ताप भरला, बाळंतज्वर. भ्रमात ती म्हणत होती की माझ्याभोवतीची माणसे माझी काळजी करत नाहीत, माझ्या दुःखावर हसतात. नवरा जवळ होता. पाच सप्टेंबरला ती गेली. हेन्रीच्या मागे ती जेमतेम एक वर्ष सात महिने जगली. यमकातला 'वाचली' हा शब्द खरे तर चौथ्या राणीला, क्लीव्हच्या ॲनला जास्त शोभतो. ती १५५७ पर्यंत जगली, सहा जणींत सर्वांत शेवटी गेली.

अंत्यविधी इंग्रजी भाषेत झाला. शोक करणाऱ्यांत प्रमुख होती जेमतेम अकरा वर्षांची लेडी जेन ग्रे, तीही या घरात शिकायला राहिलेली. पुढे नऊ दिवसांची राणी होऊन वधस्तंभाकडे गेली ती हीच. टॉमस सीमोरचा १५४९ च्या मार्चमध्ये राजद्रोहाबद्दल शिरच्छेद झाला. तान्ह्या मेरीला आईच्या एका मैत्रिणीकडे ठेवले. त्या मैत्रिणीने खर्च झेपत नसल्याच्या तक्रारी लिहिल्या, आणि १५५० नंतर त्या बाळाचा कागदोपत्री मागमूस लागत नाही. एवढ्या मुलांची आई झालेल्या बाईचे स्वतःचे मूल असे हरवले.

स्यूडलीची गढी पुढे यादवी युद्धानंतर मोडकळीला आली. १७८२ मध्ये तिथल्या पडक्या देवळात तिची शिशाची शवपेटी सापडली. लोकांनी ती पुन्हा पुन्हा उघडून पाहिली, विटंबना झाली. शेवटी १८१७ मध्ये नीट पुरले आणि पुढे संगमरवरी समाधी बांधली.

आणि तिच्या मुलांचे काय झाले? एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ, तिघेही एकामागून एक गादीवर बसले. एलिझाबेथने १५५८ पासून १६०३ पर्यंत, चव्वेचाळीस वर्षे राज्य केले. लॅटिन, फ्रेंच, इटालियन घडाघडा बोलायची. भाषांतरे ती म्हातारपणीही करत राहिली, राज्यकारभारातून वेळ काढून. लग्न मात्र तिने केले नाही. आपल्या आईचा शेवट, सावत्र आयांचे शेवट, आणि स्वतःच्या वाट्याला त्या घरात जे आले ते, यांतून तिने काय धडा घेतला हे तिने कुणाला सांगितले नाही. पण बाई राज्य चालवू शकते हे तिने दहा वर्षांची असताना पाहिले होते. बाई पुस्तक लिहू शकते हे अकराव्या वर्षी. आणि वेळ आली तर बाई जिभेवर ताबा ठेवून दिवस पलटण्याची वाट पाहू शकते, हे बाराव्या वर्षी.

शिक्षकाने शिकवलेले कुठे, कधी, कोणाच्या हातून उगवते याचा नेम नसतो. चांगले शिकवलेलेही उगवते आणि जिथे आपण कमी पडलो तेही उगवते. कॅथरिनच्या खात्यावर दोन्ही आहेत. मला ती त्यामुळेच जवळची वाटते. देवी म्हणून पुजायला ती तयार नाही, आणि परिचारिका म्हणून विसरून जावी इतकी लहान नाही.

घरातल्या लेकीसुनांनी, नातींनी ही गोष्ट जरूर वाचावी. आणि शक्य तर एकटीने वाचू नये. चारचौघींना वाचून दाखवावी.